संशयिताचा हेतू कसा तोलावा: रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

रहस्यकथेचे कच्चे खर्डे वाचताना एक चूक पुन्हा पुन्हा समोर येते. पाच संशयित असतात, पाचही जणांचा डोळा इस्टेटीवर असतो आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यात जास्त पैसा मिळणारा तरी खुनी निघतो, नाहीतर ज्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं तो. दोन्ही वेळा वाचक हिरमुसतो. कारण खून का झाला हे त्याला सांगितलं जातं, पण पटवून दिलं जात नाही.

हेतू किती मोठा आहे यावरून खुनी ठरवू नका. त्या माणसाला त्या आठवड्यात काय माहीत होतं, त्याच आठवड्यात त्याला घाई का झाली आणि खून सोडून त्याच्यापुढे कुठली वाट उरली होती, यावरून ठरवा. खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन प्रश्नांसाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक खर्डे फसतात ते क्रम चुकल्यामुळे.

सोबतीला एक उदाहरण

सगळ्या पायऱ्यांना एकच काल्पनिक गोष्ट वापरू.

पुण्यात सदाशिव पेठेत एक जुना वाडा आहे. मालक आप्पा, वय ७८. वाडा त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला. ते एका छोट्या पतसंस्थेचे अध्यक्ष आहेत. घरात त्यांची पत्नी काकू, थोरला मुलगा, धाकटा मुलगा, धाकटी सून आणि तिची एकोणीस वर्षांची मुलगी. लग्न झालेली लेक, ताई, सांगलीला असते. खालच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू राहतात, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. पतसंस्थेचे व्यवस्थापक कामानिमित्त रोज संध्याकाळी येऊन बसतात.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी आप्पा अंथरुणात मेलेले सापडतात. पुढे कळतं की त्यांच्या हृदयाच्या गोळ्यांच्या बाटलीत दुसऱ्याच गोळ्या भरलेल्या होत्या. उरलेल्या गोळ्या मोजल्यावर बाटली किमान दहा दिवस आधी बदलली असावी, असं दिसतं.

थोरल्याला वाडा बिल्डरला द्यायचा आहे. मास्तरांचा आणि आप्पांचा कोर्टात दावा चालू आहे. ताईला वाटण्यांत डावललं गेलं आहे. सुनेच्या मुलीचं लग्न आप्पांनी परस्पर ठरवलं आहे. व्यवस्थापकांवर सुरुवातीला कुणाचाच संशय नाही.

## तयारी: हेतूकडे वळण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा

कथेचं साल. गुपिताचं वजन सालाप्रमाणे बदलतं. दोन प्रौढ पुरुषांमधले संमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत गुन्हा ठरत होते. त्यामुळे २०१० साली घडणाऱ्या कथेत ते गुपित फोडण्याच्या धमकीमागे तुरुंगाची भीती आहे. आजच्या कथेत भीती उरते ती घरच्यांची आणि समाजाची, तेव्हा ती तेवढी मोठी का, हे तुम्हाला रंगवून दाखवावं लागेल. पोलिसांच्या तोंडच्या कलमांचंही तसंच. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं, त्याआधीच्या खुनाला भारतीय दंड संहितेचं ३०२.

मृत्यूची पद्धत. हेतू तोलायला बसण्याआधी ही ठरलेली असू द्या. हेतू आधी रंगवून मग वरवंटा की विष हे ठरवलं, तर पद्धत ठिगळासारखी दिसते.

तारखांचा कागद. एका आडव्या कागदावर खुनाच्या आधीचे दोन महिने मांडा. प्रत्येक भांडण, पत्र, फोन, सही, नोटीस ज्या दिवशी घडली त्या दिवशी लिहा. गुन्ह्याची तयारी ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस लाल शाईने लिहा. खुनाच्या दिवसापेक्षा या लाल तारखेचं काम पुढे जास्त पडणार आहे.

> तपासणी: आपल्या उदाहरणात लाल तारीख कोणती? आप्पा गेले ती रात्र नव्हे. बाटली बदलली तो दिवस, म्हणजे किमान दहा दिवस आधीचा.

## पायरी १: मृत्यूने काय काय बदललं ते लिहा

इथे अजून एकाही संशयिताचं नाव घेऊ नका. मयत माणूस गेल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळपासून जगात काय वेगळं झालं, तेवढंच लिहा. संशयितांची यादी पुढे ठेवून बसलात, तर जे आधीच डोक्यात आहे तेच कागदावर उतरतं.

पैसा आणि जमीन कुणीही लिहील. त्यापलीकडे जा. कोणतं पद रिकामं झालं? कुठली सही आता होणार नाही? कोणता दावा, लग्न किंवा व्यवहार अडला किंवा सुटला? कुणाला आता कुणाची परवानगी लागणार नाही? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणती गोष्ट नाकारायला किंवा कबूल करायला आता कुणी उरलं नाही?

आप्पांच्या बाबतीत ही यादी अशी होते. वाडा वारसांकडे गेला. ठरवलेलं लग्न लांबणीवर पडलं, कदाचित मोडलं. पतसंस्थेचं अध्यक्षपद रिकामं झालं. आणि पतसंस्थेच्या कागदांवर आप्पांच्या ज्या सह्या आहेत, त्या "माझ्या नाहीत" असं म्हणणारा एकमेव माणूस गेला.

ही शेवटची ओळ बहुतेकांच्या यादीत नसते. मेलेल्या माणसावर दोष ढकलता येतो. यातून रहस्यकथेला फार चांगले हेतू मिळतात, आणि तरी लोक इस्टेटीभोवतीच फिरत राहतात.

## पायरी २: प्रत्येक संशयितासाठी एकच वाक्य

आता नावं घ्या. प्रत्येकासाठी एक वाक्य लिहा: "आप्पा जिवंत राहिले तर याचं अमुक होईल, मेले तर अमुक." दोन्ही बाजू हव्यात. "थोरल्याला पैसा हवा होता" हे वाक्य चालणार नाही, कारण पैसा सगळ्यांनाच हवा असतो. "आप्पा जिवंत राहिले तर वाडा बिल्डरला जाणार नाही, मेले तर थोरला स्वतः सही करू शकेल," हे वाक्य तपासता येतं. ते खोटंही ठरू शकतं, आणि पुढच्या पायरीत ठरणारच आहे.

राग, अपमान, माया, भीती यांनाही हाच साचा लावा. "सुनेला आप्पांचा राग होता" एवढं पुरत नाही. "आप्पा जिवंत राहिले तर रविवारी मुलीचा साखरपुडा होईल, मेले तर तो टळेल," असं लिहिलंत की रागाला आकार येतो.

> सावधान: वीस वर्षांपूर्वीच्या अपमानाचा सूड हा हेतू वापरणार असाल, तर "मधली वीस वर्षं तो का थांबला?" याचं उत्तर याच वाक्यात बसलं पाहिजे. तुरुंगात होता, नाव आत्ता कळलं, आई जिवंत असेपर्यंत शपथ पाळली, काहीही चालेल. उत्तर नसेल तर तो हेतू इथेच खोडा.

## पायरी ३: खरोखर मिळणार होतं का? कायद्याच्या कसोटीवर घासा

इथे निवांत थांबा. इस्टेटीवरचे निम्मे हेतू या पायरीवर गळतात, आणि वाचकांतला एखादा वकील, तलाठी किंवा सोसायटीचा सेक्रेटरी तुमची चूक पहिल्या वाचनात पकडतो.

वारस कोण? हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे त्याची स्वतःची मिळकत पहिल्या वर्गातल्या वारसांना सारखी वाटली जाते. विधवा, मुलगे, मुली आणि मयताची आई हे सगळे त्यात येतात. खर्ड्यांत दोन चुका नेहमीच्या. थोरला मुलगा एकटाच वारस असल्यासारखा वागतो, आणि मयत माणूस चाळिशीतला असूनही त्याच्या हयात आईला कुणी धरत नाही. नवरा जिवंत असलेली सून वारस नसते. नवरा आधीच वारला असेल, तर विधवा सून वारसांत येते.

आता आप्पांचा वाडा पाहा. मृत्युपत्र नसेल तर काकू, थोरला, धाकटा आणि ताई यांना एकेक चतुर्थांश. आप्पा होते तोवर बिल्डरला एक सही हवी होती, ते गेल्यावर चार लागतील. म्हणजे खुनाने थोरल्याचं काम चौपट अवघड झालं. पायरी २ मधलं त्याचं वाक्य इथे कोसळतं.

वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित? कथेत हे एका ओळीत स्पष्ट करा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलासारखाच हक्क आहे. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली, महाराष्ट्राने स्वतःची १९९४ सालीच केली होती. त्यामुळे आजच्या कथेत "लग्न झालेल्या मुलीला काय मिळणार?" असं पोलीस अधिकारी म्हणत असेल, तर तो अडाणी दिसतो. एखाद्या पात्राचा तसा गैरसमज मात्र जरूर असू द्या. पुढच्या पायरीत तो कामाला येईल.

मृत्युपत्र. साध्या कागदावरचं, नोंदणी न केलेलं मृत्युपत्रही चालतं. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. नंतरचं मृत्युपत्र आधीच्याला रद्द करतं, आधीचं नोंदवलेलं असलं तरीही. रद्द करण्याच्या इराद्याने स्वतः फाडून टाकलं तरी ते रद्द होतं. इंग्रजी वळणाच्या कथांमधून आलेल्या दोन युक्त्या मात्र इथे लागू पडत नाहीत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, आणि लग्न केल्यावर जुनं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, हे दोन्ही नियम हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू नाहीत. त्यांच्यावर कथेचा कळसाध्याय उभारू नका.

नॉमिनी. बँकेतली ठेव, शेअर्स, सोसायटीतला फ्लॅट यांत नॉमिनी सहसा फक्त ताबा घेणारा असतो, मालकी वारसांची. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच. म्हणजे "फ्लॅटला पुतण्या नॉमिनी, म्हणून त्याने मारलं" हा हेतू कच्चा, आणि "विम्याला बायको नॉमिनी" हा पक्का.

खून ज्या रूपात दाखवायचा, त्यात पैसा मिळतो का? हा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही. पॉलिसी घेतल्यापासून १२ महिन्यांच्या आत आत्महत्या झाली, तर विम्याची पूर्ण रक्कम मिळत नाही. मग नव्या पॉलिसीवर डोळा ठेवून मारणाऱ्याने आत्महत्येचा देखावा का रचावा? प्रेत दरीत फेकून नाहीसं केलं, तर माणूस कायद्याने मेला असं गृहीत धरायला ७ वर्षं जातात. वारसा हवा असलेला खुनी प्रेत लपवणार नाही, ते लवकर सापडेल अशीच व्यवस्था करील.

पकडला गेला तर? त्याच १९५६ च्या कायद्याच्या कलम २५ प्रमाणे खून करणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्याला मयताचा वारसा मिळत नाही. तेव्हा पैशासाठी मारणाऱ्याला संशयाबाहेर राहणं भागच आहे. तो रागाच्या भरात, चारचौघांदेखत घाव घालत असेल, तर त्याचा हेतू पैसा नाही, दुसरा काहीतरी आहे.

मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी कुटुंब असेल तर वारसाचे नियम वेगळे. कथा गोव्यात घडत असेल तर आणखी वेगळे. तिथे मुलं असताना सगळी मिळकत मृत्युपत्राने दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, अर्धा हिस्सा त्यांच्यासाठी राखीव राहतो. "बाप मला दमडीही ठेवणार नाही" या भीतीचं वजन गोव्यात निम्मंच भरतं.

> तपासणी: मास्तरांचं काय? वाडामालक मेला म्हणून भाडेकरार संपत नाही आणि दावाही संपत नाही. वारस दाव्यात येतात आणि तो पुढे चालतो. मास्तरांनी चौकात कितीही आरडाओरडा केलेला असो, आप्पा गेल्याने त्यांना थोडा उशीर मिळाला, बाकी काही नाही.

## पायरी ४: त्याला काय माहीत होतं, आणि त्याला काय वाटत होतं?

पायरी ३ मध्ये जे खरं ते पाहिलं. माणूस मात्र खऱ्यावर चालत नाही, त्याला जे खरं वाटतं त्यावर चालतो. म्हणून ही पायरी तिसरीनंतरच यायला हवी. आधी खरं काय ते ठाऊक असल्याशिवाय गैरसमज कुठे आहे हे तुम्हालाच दिसणार नाही.

प्रत्येक संशयितासमोर दोन नोंदी करा: प्रत्यक्षात काय मिळणार होतं, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे काय.

थोरला: २०१४ साली आप्पांनी वाडा त्याच्या नावे करणारं मृत्युपत्र केलं होतं, हे त्याला माहीत आहे. गेल्या वर्षी त्यांनी ते फाडलं, हे माहीत नाही. प्रत्यक्षात चतुर्थांश, त्याच्या समजुतीत अख्खा वाडा. म्हणजे मघाशी कोसळलेला हेतू पुन्हा उभा राहिला.

ताई: तीन वर्षांपूर्वी आप्पांनी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. वडील जिवंत असताना त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत तिला अजून कुठलाच हक्क नव्हता, जो नव्हता तो ती सोडणार कसा? असा कागद सहसा टिकत नाही. प्रत्यक्षात तिला चतुर्थांश मिळेल. पण तिला वाटतं की आपल्याला काहीच नाही. मिळणारी रक्कम भरपूर, पैशाचा हेतू शून्य.

दोघांची तुलना करा. कागदावर दोघांना सारखंच मिळतं. हेतू एकालाच आहे, आणि तो चुकीच्या माहितीवर उभा आहे. वाचकाला इथे खरं रहस्य मिळतं, कारण तपास करणाऱ्यालाही आधी कागद आणि मग माणसं, असं दोनदा पारखावं लागतं.

गुपितांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न जोडा: हे गुपित किती जणांना ठाऊक आहे, आणि खुन्याला काय वाटतं? दहा जणांना ठाऊक असलेली गोष्ट एकाला मारून झाकली जात नाही. आपल्या व्यवस्थापकांनी पतसंस्थेत बनावट कर्जप्रकरणं केली आहेत. लेखापरीक्षकाने ती पकडून अध्यक्षांना पत्र लिहिलं आहे. लेखापरीक्षक तर जिवंत आहे, मग आप्पांना मारून गुपित झाकलं कसं जाईल? इथे बहुतेक लेखक अडखळतात आणि लेखापरीक्षकालाही मारून टाकतात. दुसरा खून करण्याआधी पायरी १ ची यादी काढा. व्यवस्थापकांना अपहार झाकायचाच नाही. मंजुरीच्या सह्या त्यांनी आप्पांच्या नावाने ठोकल्या आहेत, आणि त्या नाकारणारा माणूस त्यांना नको आहे. अपहार उघड झाला तरी चालेल, दोष मेलेल्या अध्यक्षांवर जाईल.

> सावधान: संशयिताला एखादी गोष्ट माहीत होती असं धरताना ती *कशी* कळली हे तारखांच्या कागदावर दिसलं पाहिजे. दाराआडून ऐकलं, पाकीट उघडं होतं, शिपायाने सांगितलं, काहीही. "त्याला कुठून तरी कळलं होतं" असं शेवटच्या प्रकरणात लिहिणं म्हणजे वाचकाची फसवणूक.

## पायरी ५: आत्ताच का?

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी. सगळ्यात जास्त वगळलीही हीच जाते.

आप्पांचं वय ७८, हृदयविकार आहे. वारसा हवा असलेला माणूस दोन-चार वर्षं थांबू शकत होता. मग याच सप्टेंबरमध्ये असं काय घडलं की थांबणं अशक्य झालं? प्रत्येक संशयितासाठी एक ठरलेली तारीख शोधा, जिच्याआधी खून झाला नाही तर त्याचा उपयोग नाही.

आपल्याकडच्या जगण्यात अशा तारखा खूप आहेत, त्या वापरा. सातबारावरच्या फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. साखरपुडा, निवडणुकीचा अर्ज, परदेशी जाण्याची तारीख, निवृत्तीचा महिना, कोर्टातली साक्षीची तारीख. इंग्रजी कथांतला "सोमवारी वकील नवं मृत्युपत्र घेऊन येणार" हा मुहूर्त वापरून वापरून झिजला आहे.

आता आपले संशयित पाहू. बिल्डरचा प्रस्ताव दोन वर्षं तसाच पडून आहे, सप्टेंबरमध्ये त्यात काहीच नवं घडलेलं नाही. थोरल्याला घाई नाही. व्यवस्थापकांना आहे: सभा ३० तारखेच्या आत, तिथे लेखापरीक्षण अहवाल वाचला जाणार, आणि आप्पा उभे राहून "या सह्या माझ्या नाहीत" म्हणणार. सुनेलाही आहे: साखरपुडा रविवारी.

दोघं उरले. इथे लाल तारीख काढा. नियम साधा आहे: हेतूची तारीख तयारीच्या तारखेआधीची हवी. बाटली बदलली किमान दहा दिवस आधी. लेखापरीक्षकाचं पत्र आलं तीन आठवड्यांपूर्वी. साखरपुडा ठरला चार दिवसांपूर्वी. ज्या दिवशी बाटली बदलली, त्या दिवशी सुनेला मारण्याचं कारणच नव्हतं.

सून खुनी असावी अशी तुमची इच्छा असेल, तर पुराव्याला हात लावू नका, तारीख हलवा. आप्पांचं स्थळाकडच्यांशी फोनवर बोलणं पंधरा दिवसांपूर्वी झालं आणि ती स्वयंपाकघरातून ऐकत होती, असं करा. पण ते ऐकताना तिला कुणीतरी पाहिलेलं असलं पाहिजे, आणि तो प्रसंग पहिल्या अर्ध्या भागात आला पाहिजे.

## पायरी ६: दुसरी वाट होती का?

खून ही फार अवघड गोष्ट आहे. साधा मार्ग मोकळा असताना माणूस तिकडे वळत नाही. म्हणून प्रत्येकाला विचारा: कोर्टात जाता आलं असतं? घर सोडता आलं असतं? माफी, तडजोड, राजीनामा, घटस्फोट? आणि ती वाट *त्या माणसाला* का बंद वाटली?

मास्तरांची वाट उघडीच आहे, दावा चालू आहे. ताई सांगलीला सुखात आहे. सुनेचा विचार करताना घाई करू नका. "मुलीला घेऊन निघून जायचं" हे लिहायला सोपं आहे. तिची कमाई नाही, माहेरी कुणी नाही, नवरा वडिलांपुढे तोंड उघडत नाही. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, कायद्याने तिला नकार देता येतो, पण त्या घरात तिचा नकार कुणी ऐकणार आहे का? अशा माणसाची वाट खरोखरच अरुंद असते, आणि ते प्रामाणिकपणे दाखवलंत तर ती निर्दोष ठरल्यावरही वाचकाच्या मनात राहते. व्यवस्थापकांना कबुलीची आणि पैसे भरण्याची वाट होती. ती पूर्ण बंद म्हणता येणार नाही, पण त्यांच्या दृष्टीने ती तुरुंगाकडे जाणारी होती.

## पायरी ७: मेल्याने कुणाचं नुकसान झालं?

ही पायरी लहान आहे. प्रत्येक संशयिताने मयताला *जिवंत ठेवण्याचं* एकेक कारण लिहा. ताईच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च आप्पा करत होते, ही एक ओळ तिच्याविरुद्धचा बराच संशय उतरवते.

इथेच एक ठरावीक चूक सापडते. ब्लॅकमेल करणारा ज्याच्याकडून पैसे उकळतो, त्यालाच मारतो! स्वतःचं उत्पन्न तो का बंद करील? ब्लॅकमेलमध्ये मरतो तो सहसा उकळणारा. उलट करायचं असेल, तर सावज पोलिसांकडे निघालं होतं असं काहीतरी घडवावं लागेल.

## पायरी ८: हेतू आणि पद्धत जुळतात का?

दहा दिवस आधी बाटली बदलून वाट पाहणारा माणूस थंड डोक्याचा आहे. त्याला मृत्यू नैसर्गिक दिसायला हवा आहे आणि त्या वेळी स्वतः तिथे नको आहे. हे हिशेबी हेतूशी जुळतं. गुरुवारी रात्री थोरल्याचं आणि आप्पांचं कडाक्याचं भांडण झालं, ते या पद्धतीशी अजिबात जुळत नाही. त्या भांडणातून खून व्हायचा तर हाताला लागेल त्या वस्तूने, त्याच खोलीत झाला असता.

बाटलीपर्यंत हात कुणाचा पोचत होता, हा संधीचा प्रश्न आहे. तो वेगळ्या कागदावर सोडवा, हेतूच्या वजनात मिसळू नका. गोळ्या रोज सून देते, म्हणून तिचा *हेतू* वाढत नाही. पतसंस्थेचा शिपाई आप्पांची औषधं आणून देतो आणि बाटली आधी व्यवस्थापकांच्या टेबलावर येते, एवढं तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात सहज दिसून जाऊ द्या.

## पायरी ९: वजन करा, पण बेरीज करू नका

आता प्रत्येकाला पाच गोष्टींसाठी ०, १ किंवा २ गुण द्या: त्याच्या समजुतीतला फायदा किंवा सुटका, त्यासाठी लागणारी माहिती, घाई, दुसरी वाट नसणं, पद्धतीशी जुळणं.

हे गुण बेरजेने मांडले की गोंधळ होतो. थोरल्याचे फायद्यात २, माहितीत २, वाट नसण्यात १. बेरीज ५ होते आणि तो तगडा संशयित वाटायला लागतो. पण त्याला घाई शून्य आहे. म्हणून गुणाकार करा. एक शून्य आलं की सगळं शून्य.

थोरला: घाई ०, म्हणून ०.
ताई: समजुतीतला फायदा ०, म्हणून ०.
मास्तर: फायदा ०, म्हणून ०.
सून: तयारीच्या दिवशी माहिती ०, म्हणून ०.
व्यवस्थापक: २ × २ × २ × १ × २ = १६.

ही गणिती सिद्धता नाही. आपण कुठे डोळेझाक करतो आहोत ते दाखवण्यापुरता तिचा उपयोग. एकापेक्षा जास्त संशयितांना शून्य टाळता आलं, तर कथा अजून सुटलेली नाही, दोन उत्तरं असलेलं कोडं तुम्ही वाचकाला देता आहात. सगळ्यांनाच शून्य आलं, तर तुमच्या खुन्याला हेतूच नाही, आणि ती गोष्ट शेवटच्या प्रकरणातल्या लांबलचक कबुलीने भरून निघत नाही.

> सावधान: गुण देताना खुनी कोण हे तुम्हाला माहीत असतं, त्यामुळे त्याला नकळत झुकतं माप दिलं जातं. एखाद्या मित्राला फक्त तारखांचा कागद आणि माहितीच्या नोंदी द्या, नाव सांगू नका, आणि गुण त्याला देऊ द्या.

## पायरी १०: हेतूच्या खुणा कथेत कुठे आहेत?

हेतू हा स्वतः पुरावा नव्हे, हे तुमच्या तपास अधिकाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६ मध्ये हेतू, तयारी आणि आधीचं-नंतरचं वर्तन हे एकत्र येतात, लिहितानाही ते एकत्रच ठेवा. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार असेल तर हेतू सिद्ध झाला नाही म्हणून खटला पडत नाही. सगळा भार परिस्थितिजन्य पुराव्यावर असतो तेव्हा हेतू हा साखळीतला महत्त्वाचा दुवा होतो. १९८४ साली शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. त्यांतली एक रहस्यकथाकाराने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे: आरोपी दोषी असण्याखेरीज दुसरी कुठलीही शक्यता पुराव्याने उरू देता कामा नये. पायरी ९ मध्ये बाकी सगळ्यांना शून्य यावं लागतं ते यासाठीच.

खऱ्या हेतूच्या किमान दोन खुणा, एकमेकींशी संबंध नसलेल्या, कथेच्या पहिल्या दोन-तृतीयांशात पेरा. आपल्या कथेत आप्पांना कंपवात आहे. पहिल्याच प्रकरणात चहाचा कप बशीत ठेवताना तो खुळखुळतो, कुणी त्यावर बोलत नाही. सहाव्या प्रकरणात तपास अधिकारी पतसंस्थेची कर्जमंजुरीची फाईल चाळतो, आणि अध्यक्षांची सही सगळीकडे ठळक, सरळ रेषेत आहे, एवढंच वर्णन येतं. दोन्ही गोष्टी जोडण्याचं काम वाचकाचं. तिसरी खूण, वार्षिक सभेची नोटीस, दिवाणखान्यातल्या टेबलावर पडलेली असू द्या.

खोट्या हेतूंचा हिशेबही चुकता करावा लागतो. थोरल्यावर संशय गेला होता, तो कशामुळे उतरला? फाडलेलं मृत्युपत्र सापडलं म्हणून नाही, कारण ते फाडल्याचं त्याला माहीतच नव्हतं. संशय उतरतो तो घाई नव्हती म्हणून, आणि हे कुणाच्या तरी तोंडून यायला हवं: बिल्डरच्या माणसाने "आम्ही आणखी वर्षभर थांबायला तयार होतो" असं सांगितलं की पुरे. ताईचा संशय तिच्या गैरसमजाने उतरतो, तेव्हा तपास अधिकाऱ्याने "तुमचाही वाट्यात हक्क आहे" असं तिला सांगण्याचा प्रसंग लिहा आणि तिचा चेहरा दाखवा. मास्तरांसाठी वकिलाचं एक वाक्य पुरेल. सुनेसाठी तारखांचा मेळ लागेल, आणि तो मांडताना अधिकाऱ्याला तिची कोंडीही दिसली पाहिजे.

पुनर्लेखनाच्या वेळी एक गोष्ट करा. रहस्य उलगडणारं प्रकरण बाजूला ठेवा आणि उरलेला खर्डा अशा माणसाला द्या, ज्याने कथा आधी ऐकलेली नाही. त्याला खुनी कोण हे विचारू नका. "कुणाला घाई होती?" एवढं विचारा. तो व्यवस्थापकांचं नाव घेऊन सभेच्या नोटिशीकडे बोट दाखवत असेल, तर खुणा बरोबर पडल्या आहेत. नाव बरोबर आणि कारण "असाच वाटला" असेल, तर पायरी ५ कडे परत जा, तारखा अजून पुरेशा दिसत नाहीत.